मिठाची का मोकळी

कृष्णात सरांना सिगारेटचं व्यसन होतं असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांना व्यसन होतं धुराचं, आणि तेही ओढण्यापेक्षा बघण्याचं. शाळा सुटली, चहा झाला, की ते गच्चीवर जात, पाण्याच्या टाकीशेजारच्या खुर्चीत बसत आणि सिगारेट शिलगावत. पलूसच्या त्या भागात घरं संपली की नुसता ऊस. उतरत्या उन्हात उसाचे तुरे चंदेरी होत, कुठल्या तरी गुऱ्हाळाचा गोड वास वाऱ्यावर येई, रेल्वे दिसत नसे पण ऐकू येई, आणि सरांच्या तोंडून निघालेला धूर या सगळ्यावर सावकाश पसरत जाई. मग सर दहावीला विज्ञान शिकवणारे मास्तर राहत नसत. त्या धुरात ते एकदा बोटीचे कप्तान झाले होते, एकदा हिमालयातल्या वनस्पतींचे मोठे जाणकार, आणि एकदा तर कुणीच नाही, नुसतेच ढग.

ढग झालेल्या माणसाला खोकला येतो ही निसर्गाची गैरसोय आहे. सरांना तो येई, आणि खालून शालनबाईंचा आवाज येई, "खोकून झालं असंल तर खाली या. दळण आणायचंय."

हे असंच चाललं असतं. पण साताऱ्याला दिलेल्या त्यांच्या लेकीला, अंकिताला, दिवस गेले. बाळंतपण माहेरी व्हायचं हे ठरलेलं. शालनबाईंनी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवायला काढली. आणि एका रविवारी अंकिताचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाबांना दे." सरांना वाटलं, आता लेक डोहाळे सांगणार. लेक म्हणाली, "बाबा, मला तिथं यायचंय. पण धुराच्या घरात मी बाळ आणणार नाही. तुम्ही गच्चीवर ओढता, पण वास जिन्यानं खाली येतो, तुमच्या शर्टाला येतो. त्याला तुम्ही त्याच शर्टानं उचलणार. मग मी सासरीच राहते. चालेल?"

पोर भांडली असती तर सरांनी उत्तर दिलं असतं. ती भांडली नाही. "चालेल?" असं खरोखर विचारल्यासारखं विचारलं. सर म्हणाले, "अगं, सोडल्यात जमा आहे." अंकितानं यातला 'सोडली' एवढाच शब्द ऐकला. मराठी भाषा लवचीक असल्याचे असे तोटे होतात.

त्याच आठवड्यात शालनबाईंचा भाचा साईराज दुबईहून सुट्टीवर आला. तिथं तो कुठल्या तरी गोदामात सुपरवायझर आहे. आत्याच्या घरची अडचण त्याला कळली तेव्हा त्यानं खिशातून पेनड्राइव्हएवढी एक चपटी डबी काढून टेबलावर ठेवली.

"मामा, हे घ्या. व्हेप. ह्यात जाळ न्हाई, राख न्हाई, वास म्हणाल तर आंब्याचा. ह्यात रस भरायचा आन ओढायचा, वाफ येती."

"रस कसला?"

साईराजनं दोन छोट्या तपकिरी बाटल्या काढल्या. "एकात निकोटीन सॉल्ट हाय, आंब्याच्या वासाचं. दुसऱ्यात फ्रीबेस, तंबाखूच्या वासाचं. बारक्या डबीला सॉल्ट बरं. घशाला लागत न्हाई, थोडक्यात तलफ भागती. फ्रीबेस जरा घसा धरतं, पण वाफ भरपूर. कुठलं ते तुमचं तुमी ठरवा."

असं म्हणून साईराज मित्रांबरोबर गोव्याला गेला. पण 'तुमचं तुमी ठरवा' हे वाक्य ज्या माणसापुढं तो टाकून गेला, त्या माणसानं घराला रंग कुठला द्यायचा हे ठरवायला दोन दिवाळ्या घालवल्या होत्या.

सरांनी प्रथम या वस्तूंना मराठी नावं दिली, कारण नाव दिल्याशिवाय त्यांचा विचार सुरू होत नसे. सॉल्ट म्हणजे 'मिठाची'. फ्रीबेस म्हणजे 'मोकळी'. मग गच्चीवर बसून, सिगारेट शिलगावून, ते विचार करू लागले. निकोटीन हे मुळात अल्कलीच्या जातीचं, म्हणून मोकळं असलं की घशाला झोंबतं. त्याला आम्ल भेटलं की दोघांचा क्षार होतो, आणि स्वभाव निवळतो. लग्नासारखंच हे, असं त्यांना वाटलं, आणि खालून शालनबाईंचा आवाज आल्यावर कुणाचा स्वभाव निवळला याबद्दल त्यांना थोडी शंकाही आली.

पण खरा पेच रसायनशास्त्राचा नव्हताच. मिठाची घेतली तर तलफ भागणार, पण वाफ बेताची. मोकळी घेतली तर वाफेचे ढगच्या ढग, पण खोकला आणि तलफ जिथल्या तिथं. म्हणजे छातीला हवी मिठाची आणि डोळ्यांना हवी मोकळी. माणूस एक, आणि आत दोन गिऱ्हाइकं. अशा वेळी घाई करून चालत नाही. डबी कोरी राहिली, बाटल्यांची सीलं तशीच राहिली, आणि निर्णय होईपर्यंत सिगारेट अर्थातच चालू राहिली.

शालनबाईंना 'मिठाची' हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला तो जिन्यात. सर स्वतःशी पुटपुटत उतरत होते.

"कसलं मीठ?" त्यांनी विचारलं. "डॉक्टरांनी तुम्हाला मीठ बंद सांगितलंय. पापड काढला, लोणचं काढलं, आणि तुम्ही आता वाफेतनं मीठ खाणार?"

"अगं, ते जेवणातलं मीठ नव्हे. रसायनशास्त्रात मीठ म्हणजे..."

"बीपी वाढल्यावर रसायनशास्त्र येणार हाय का उचलून न्यायला?"

 सर अंगणात गेले. तिथं समोरचे लियाकतभाई शिंपी गळ्यात टेप अडकवून उभेच होते. भिंतीपलीकडच्या गोष्टीही त्यांना मापात ऐकू येत.

"सर, दोन बाटल्या हायत म्हनं. एक फ्री हाय."

"फ्री म्हणजे तसं फ्री नव्हे, लियाकतभाई. फ्रीबेस."

"बेस असू द्या न्हाईतर काय असू द्या. दुबईवाला फ्री देतुय तर फ्री घ्यावं. मिठाची ठेवा पावन्याला."

शेजारच्या धोंडुबाई ओट्यावर तंबाखूची चंची सोडून बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातली ही म्हातारी गल्लीतल्या कुठल्याही चर्चेत अध्यक्षपद न विचारता घेत असे. "आरं मास्तर, मोकळी मंजी काय ते मला नीट सांग," त्या म्हणाल्या.

सरांना शिकवण्याची संधी मिळाली की भान राहत नसे. ते ओट्याशी गेले. "मावशी, तुम्ही तंबाखूला चुना लावता. का लावता?"

"त्याबिगर लागतीय व्हय?"

"तेच! चुन्यानं तिच्यातला अर्क मोकळा होतो. ही दुसरी बाटली म्हणजे तसला मोकळा अर्क."

धोंडुबाईंनी तळहातावरची चिमूट चोळता चोळता थांबून सरांकडं फार कनवाळूपणानं पाहिलं. "मग त्येच्यासाठी पोरगं दुबईला धाडलंस व्हय रं? चंची हितंच हाय की. घे."

संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन तट पडले. बायका बीपीच्या बाजूनं म्हणजे मोकळीच्या, आणि पुरुष काही कारण नसताना मिठाचीच्या. शिंपीकामाला आलेलं माणूसही माप देता देता मत देऊन जाई. सर या सगळ्याला वरवर वैतागत, पण आतून त्यांना बरं वाटत होतं. आयुष्यात प्रथमच एवढी माणसं त्यांच्या एका निर्णयाची वाट बघत होती. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना दोन्ही ढग दिसत. एक पांढरा, दाट, उसाच्या शेतावरून साताऱ्याकडं निघालेला. आणि एक बारीक, शांत, सकाळच्या नदीवर असतो तसा. कुठल्या ढगावर बसावं या विचारात त्यांना झोप लागे.

शालनबाई मात्र दुपट्याला टाका घालता घालता एकदाच बोलल्या. "तुम्हाला ठरवायचंच नाही. ठरलं की सिगारेट सोडावी लागंल. म्हणून हे मीठ-मोकळी चाललंय."

सर दुखावले. खऱ्याचं दुखणं वेगळ्या जातीचं असतं. ते जेवले नाहीत, म्हणजे भाकरी कमी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी अधिक माहिती मिळवायची असं मनाशी ठरवून स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला गेले. तिथं त्यांना हवालदार नाथाजी भेटला. नाथाजी त्यांचा जुना विद्यार्थी. सरांनी त्याला विषय समजावला. नाथाजीनं बशी खाली ठेवली.

"सर, हळू बोला. त्ये बंद हाय."

"काय बंद आहे?"

"ती डबी. आन बाटल्या. दोन्हीबी. मिठाची असू द्या न्हाईतर बिनमिठाची. बाहेरनं आणायची न्हाई, इकायची न्हाई, साठा ठेवायचा न्हाई. सरकारनं कायदा केलाय त्याला बरीच वरसं झाली. शिबिरात शिकवलंय आमाला."

सरांच्या कानात रेल्वे आल्यासारखा आवाज झाला. रस्ता मोकळा असतानाही झेब्रा पट्ट्यांवरूनच जाणारा हा माणूस. आख्ख्या नोकरीत शाळेचा खडूसुद्धा त्यांनी घरी आणला नव्हता. आणि आता त्यांच्या घरात साठा होता! घरी येताना त्यांना प्रत्येक मोटारसायकलवर पोलीस दिसला. आल्या आल्या त्यांनी बाटल्या ट्रंकेत टाकल्या. तिथं पहिल्यांदा बघतात म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवल्या. तांदूळ रोज लागतो म्हणून काढून गणपतीच्या मखराच्या खोक्यात ठेवल्या. देवाच्या सामानात गुन्हा नको म्हणून तिथूनही काढल्या. शेवटी स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, केशर, वेलदोडा आणि आंब्याच्या इसेन्सच्या बाटल्यांच्या मागं त्यांना जागा मिळाली. त्या फळीकडं सणावारीच हात जायचा.

दुसऱ्या दिवशी नाथाजीची ड्युटी होती तेव्हा सर चौकीत गेले. "मला हे सरकारजमा करायचंय."

नाथाजीनं डोकं खाजवलं. "कशात दाखवू सर? दारू म्हणावं तर दारू न्हाई. गांजा न्हाई. सापडलेली वस्तू म्हणावं तर हरवलीया कुनाची? आन तुमी आपनहून आणलंय. आपनहून कुनी आणतंय व्हय?"

"मग पकड मला."

"मी? तुमास्नी?" नाथाजी खुर्चीतून उठून उभाच राहिला. "सर, दहावीला तुमी मला धा मार्क वाढवून दिलं न्हवं! जमायचं न्हाई. तुमी असं करा, सांगलीला हापिस हाय, तिथं जावा. तिथं समदं शिस्तीत असतंय."

बाटल्या पुन्हा वरच्या फळीवर गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सांगलीला जायचं म्हणून सर पहाटे उठले. शालनबाईंची झोपमोड नको म्हणून दिवा लावला नाही. खुर्चीवर चढून, वरच्या फळीवर हात घालून, हाताला लागल्या त्या दोन बारक्या बाटल्या त्यांनी काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, डबीसकट पिशवीत घातल्या, आणि धुक्यातून एसटीकडं निघाले. मनात ओळी जुळत होत्या. 'एक जबाबदार नागरिक या नात्यानं' अशी सुरुवात त्यांना आवडली होती.

सांगलीत त्यांना पोचायला उशीर झाला नाही, साहेबांना झाला. "दुपारनंतर या," शिपाई म्हणाला. मग सर कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले. थंडीतलं ऊन पाण्यावर लोळत होतं. नदी वाहतेय का थांबलीय ते कळत नव्हतं. पलीकडच्या काठावर कुणी तरी धुणं आपटत होतं आणि त्याचा आवाज हात वर गेल्यावर येत होता, खाली आल्यावर नाही. सरांच्या मनात आलं, बाटल्या इथंच सोडून द्याव्यात. पण निकोटीन पाण्यात मिसळतं हे त्यांनीच फळ्यावर लिहिलेलं. माशांनी त्यांचं काय वाकडं केलं होतं? त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. बसल्या बसल्या डोळे जड झाले. नदीवरून एक बारीक वाफ उठत होती, आणि त्यांना दिसलं, की आपण एका होडीत आहोत, होडीला तळ नाही आणि तरी ती बुडत नाही, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी बाळ हातावर घेऊन उभं आहे. सर वल्हं मारत होते. काठ जवळ येत नव्हता. "मिठाची घ्या," होडी म्हणाली. "मोकळी," म्हणालं पाणी. आणि काठावरचं माणूस नुसतं थांबलं होतं.

एका कुत्र्यानं पिशवी हुंगली तेव्हा ते जागे झाले.

दुपारी साहेब भेटले. माणूस सभ्य होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, 'एक जबाबदार नागरिक'सुद्धा, आणि म्हणाले, "सर, तुमच्या भावना समजल्या. पण इथं जप्त केलेला माल येतो. पंचनामा होऊन. तुमचा माल जप्त झालेला नाही."

"तो व्हावा म्हणून मी काय करू?"

"सापडलं पाहिजे."

"मी समोर उभा आहे. सापडलोच आहे की."

"तसं नाही. पंचांसमक्ष सापडलं पाहिजे." साहेबांना दया आली असावी. "बघू तरी, आहे काय ते."

सरांनी पुडकं सोडलं. साहेबांनी पहिली बाटली लांबूनच वाचली आणि मान हलवली. दुसरी हातात घेतली, फिरवली, झाकण उघडलं, नाकाशी नेली, आणि त्यांचा चेहरा एकदम घरगुती झाला. "अहो सर, हा आंब्याचा इसेन्स आहे. आमच्या घरी हाच असतो. श्रीखंडात घालायचा."

कार्यालयात दोघं-तिघं हसले. सरही हसणार होते. पण हसू ओठांपर्यंत येण्याआधी त्यांच्या डोक्यात स्वयंपाकघरातली वरची फळी आली. इसेन्स इथं. म्हणजे मिठाची तिथं. आंब्याच्या वासाची. इसेन्सच्या जागेवर.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शालनबाई होत्या, आणि आनंदानं त्यांचा आवाज फुटत होता. "अहो, कुठं आहात? अंकिता आलीय! विहीणबाईंना इकडं लग्नाला यायचं होतं, गाडी होती, म्हणून आताच घेऊन आल्या. मी आम्रखंड करतेय. या लवकर!" आणि फोन बंद.

सरांनी परत लावला. वाजत राहिला. त्यांना स्पष्ट दिसत होतं: फोन बाहेरच्या खोलीत, मिक्सर आत, मिक्सर चालू, शालनबाईंचा हात वरच्या फळीवर. अंकिताला लावला, तो लागेना. सगळं परत पिशवीत कोंबून सर त्या कार्यालयातून धावत बाहेर पडले. आयुष्यभर नियमानं चालणारा माणूस रस्त्याच्या मधोमध रिक्षा अडवून उभा राहिला, आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "पलूस! काय होईल ते होऊ दे, पलूस!" रिक्षा हलल्यावर त्यांना लियाकतभाई आठवले, आणि त्यांचा फोन लागला.

"लियाकतभाई, माझ्या घरात जा. आत्ता. आम्रखंड कुणाला खाऊ देऊ नका!"

"क्या? आम्रखंड?"

"कुणालाच! मी येईपर्यंत!"

"का पन?"

इथं रेंज गेली. शेतं मागं पळत होती. उसाचे तुरे उन्हात तसेच चंदेरी होते, पण सर त्यांच्याकडं बघत नव्हते. निकोटीन पोटात गेलं तर काय होतं, हे त्यांना माहीत होतं. वर्गात त्यांनी ते सांगितलं होतं, पोरं हसावीत म्हणून जरा नाट्य करून. आता त्यातला एकेक शब्द परत येत होता आणि कुणी हसत नव्हतं. रेंज आल्यावर त्यांनी परत फोन लावला, तर कुणीच उचलेना.

घरी पोचले तेव्हा अंगणात गल्ली जमली होती. मधोमध लियाकतभाई, गळ्यात टेप, आणि आम्रखंडाचं पातेलं छातीशी असं आवळलेलं की कुणी नमाजालाही त्यांना हलवू शकलं नसतं. समोर शालनबाई रागानं लाल. पायरीवर विहीणबाई रिकामी वाटी हातात धरून ताठ बसलेल्या. आणि ओट्यावरून धोंडुबाई जमलेल्यांना सांगत होत्या, "मास्तरनं आम्रखंडात इख घातलंय. दुबईचं!"

"सर, सोडलं न्हाई म्या," लियाकतभाई घामेघूम होऊन म्हणाले. "भाभींनी लाटणं उगारलं तरी सोडलं न्हाई. आता सांगा, का?"

सरांनी उत्तर दिलं नाही. ते सरळ आत गेले, खुर्चीवर चढले आणि वरची फळी चाचपली. मिठाची तिथंच होती, केशराच्या मागं. झाकण घट्ट. सील तसंच. सर खुर्चीवरून उतरले आणि तिथंच फरशीवर बसले.

"कुणी खाल्लं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"खाऊ कुठं दिलं?" शालनबाई दारात येऊन म्हणाल्या. "आणि त्यात इसेन्स नाहीच. विहीणबाईंनी हापूसच्या रसाचा डबा आणला होता, तो घातला. आता सांगा काय चाललंय ते."

मग सरांना सगळं सांगावं लागलं. डबी, बाटल्या, फळी, सांगली. विहीणबाईंसमोर. खिडकीतून बघणाऱ्या लियाकतभाईंसमोर. 'सोडल्यात जमा'चा खरा अर्थ काय तेही. विहीणबाई साताऱ्याच्या, बोलायला मोजक्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "अंकिता, बॅग अजून गाडीतच आहे. तू म्हणशील तसं."

अंकिता एवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती सावकाश येऊन बापासमोर पाटावर बसली.  

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या वाटीत पडलं असेल म्हणून तुम्ही सांगलीहून रिक्षानं आलात."

सरांनी मान हलवली.

"आणि रोज संध्याकाळी तुम्ही तेच छातीत घेता. तेव्हा मी साताऱ्याहून कशानं यायचं?"

 

एवढ्यात अंगणात बूट वाजले. विषाची बातमी चौकीपर्यंत गेली होती आणि नाथाजी सायकल टाकून आला होता. त्यानं शालनबाईंनी पिशवी उपसून टेबलावर मांडलेली डबी पाहिली, बाटल्या पाहिल्या, भोवती जमलेली माणसं पाहिली, आणि त्याचा चेहरा उजळला. "सर! आता जमतंय की! आता पंच हायत!"

पंचनामा झाला. माल पंचांसमक्ष मिळून आला. पहिले पंच लियाकतभाई, पातेलं काखेत धरूनच. दुसरा पंच शेजारचा नको, असं नाथाजीचं मत पडलं, म्हणून साताऱ्याच्या विहीणबाईंनी, व्याह्यांच्या घरातल्या बंदी असलेल्या मालाच्या कागदावर, चष्मा लावून, प्रत्येक ओळ वाचून सही केली. सरांना वाटलं, धरणी दुभंगावी. धरणी तशी दुभंगत नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं. "सर, पुढचं काय आसंल ते वरिष्ठ बघतील," नाथाजी म्हणाला, "पन खरं तेच लिवलंय, काळजी करू नगा."

तो दारापर्यंत गेला असताना सर म्हणाले, "थांब." ते गच्चीवर गेले आणि टाकीमागं ठेवलेलं सिगारेटचं पाकीट घेऊन खाली आले. "हेही लिही. हेही घेऊन जा."

नाथाजीनं पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, वाचलं आणि परत दिलं. ओशाळून, पण कायद्याला धरून तो म्हणाला, "हे बंद न्हाई सर. ह्येला परवानगी हाय. हे मला घेता यायचं न्हाई. हे तुमचं तुमालाच बघाय पायजे."

नाथाजी गेला. माणसं पांगली. धोंडुबाईसुद्धा चंची बांधून आत गेल्या. सर अंगणात पाकीट धरून उभे राहिले, आणि ते हातातून घ्यायला आता सरकारही नव्हतं, गल्लीही नव्हती. ऊस शांत होता. ऊन कलत होतं. शालनबाई एकदा दारातून डोकावून गेल्या. मग सर न्हाणीजवळच्या बादलीशी वाकले. पाकीट पाण्यात बुडेना, वर येत राहिलं. त्यांनी ते हातानं खाली दाबून धरलं. कागद मऊ झाला, तंबाखू सुटली, पाणी तपकिरी झालं. तरी त्यांनी हात काढला नाही.

पायरीवरून अंकिता ते बघत होती. तिनं आत हाक मारली, "आई, गाडीतली बॅग घेऊन ये. खालच्या खोलीत ठेव." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि लियाकतमामांना म्हणावं, आता ते पातेलं खाली ठेवा. मला भूक लागलीय."